पेटीवर ठेवलेली पुडी

चहाच्या एका घाऊक पेढीत मी वर्षभर मॅनेजमेंट ट्रेनी होते. त्या वर्षात आप्पांची खुर्ची गेली. ती कशी गेली, हे मला जेवढं माहीत आहे तेवढं इथे लिहिते.

पेढी एका गुजराती शहरात, उधन्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर होती. आसामातून आणि उत्तर बंगालातून पोत्यांनी चहा यायचा, गोदामात त्याची मिश्रणं व्हायची आणि ती उधना, पांडेसरा, लिंबायत इथल्या दुकानांना, टपऱ्यांना आणि नदीपलीकडच्या सोसायट्यांना जायची. माझ्या नेमणुकीच्या कागदावर वर्षाचे चार भाग पाडलेले होते. आधी गोदाम, मग चव विभाग, मग बीट आणि शेवटी ऑफिस. बीट म्हणजे विक्रीचा ठरलेला रस्ता, कोणत्या दिवशी कोणत्या दुकानांत जायचं त्याची यादी. चव विभाग म्हणजे एक खोली, खिडकीपाशी एक टेबल आणि आप्पा.

आप्पा पेढीत सगळ्यांचेच आप्पा होते, शेठचेसुद्धा. तरुणपणी खानदेशातून आले ते पोती उचलायला. एकदा उतरवतानाच त्यांनी सांगितलं की या गाडीतली मागची पोती साबणाशेजारी आली आहेत. शेठच्या वडिलांनी पोती फोडून पाहिली आणि त्यांना पाठीवरचं ओझं खाली ठेवायला सांगितलं. तेव्हापासून ते टेबलावर होते. शेठ गुजरातीत बोलत, आप्पा मराठीत उत्तर देत, आणि दोघांना त्यात कधी अडचण आल्याचं कुणी पाहिलं नव्हतं.

काम रोज साडेनऊला सुरू व्हायचं. आधी कोरडा चहा. मूठभर दाणे तळहातावर घ्यायचे, मूठ मिटायची, तोंडाजवळ नेऊन तिच्यात दोनदा ऊन श्वास सोडायचा आणि लगेच नाकाशी धरायची. त्या उबेनं चहा आपला वास सोडतो. चहा शेजाऱ्याचा वास उचलतो, त्यामुळे बिघाड बहुतेक इथेच कळतो. मग प्रत्येक नमुना मोजून कपात टाकायचा, वर उकळतं पाणी, पाच मिनिटं, गाळून दूध. दूध घालूनच चाखायचं, कारण आमचं गिऱ्हाईक दुधाशिवाय चहा पीत नाही. चमचाभर चहा जोरात ओढायचा, जिभेवर फिरवायचा, थुंकायचा. तो ओढल्याचा आवाज बाहेर काउंटरपर्यंत यायचा आणि काउंटरवरचे कारकून त्यावरून ओळखायचे की अजून तासभर आत जायचं नाही.

पांडेसऱ्याच्या मिश्रणात बारीक भुकटी जास्त, कारण तिथे चहा दिवसभर उकळत राहतो आणि छोट्या कपात तो लागला पाहिजे. सोसायट्यांतले लोक पुदिना आणि गवती चहा टाकतात, म्हणून त्यांच्या मिश्रणाला स्वतःचा वास कमी ठेवायचा. लिंबायतेला रंग हवा. हे सगळं आप्पांनी ठरवलेलं होतं आणि कुठेही लिहिलेलं नव्हतं.

खोलीचे नियम मात्र सगळ्यांना पाठ होते. अगरबत्ती नाही. देवाच्या तसबिरीला फूल, तेही बिनवासाचं. केसांना तेल, अंगाला पावडर, हाताला साबणाचा वास चालत नसे. शेठचे व्याही एकदा अत्तर लावून आले, तर आप्पांनी त्यांना दारातूनच मागे फिरवलं होतं. शेठनी बाहेर येऊन व्याह्यांची समजूत काढली, आप्पांना एक शब्द विचारला नाही.

मला हे नियम दुसऱ्या दिवशी कळले. चव विभागातल्या पहिल्या दिवशी आईने तेल लावून घट्ट वेणी घातली होती. काउंटरवरच्या कारकुनाने मला आत जाताना पाहिलं आणि म्हणाला, "तेल लावून? जा, जा. आता ऐक तू."

आत आप्पांनी मान वर केली. "कुठे राहतेस?"

"लिंबायत."

"गाव?"

मी गाव सांगितलं. ते लगेच अहिराणीवर आले. "तुन्ही माय काय रांधस?" आई काय रांधते, हे त्यांना नीट ऐकायचं होतं. मी सांगितलं, त्यांनी ऐकलं, मला स्टूल दाखवलं. तेलाबद्दल काही बोलले नाहीत. पुढे आम्ही बहुतेक अहिराणीतच बोलायचो. इथे ते मराठीत लिहिलं आहे.

दुपारी कारकुनाने विचारलं, "किती शिव्या पडल्या?"

"एकही नाही."

"म्हातारा मऊ पडला," तो म्हणाला आणि पुन्हा बिलांकडे वळला.

दुसऱ्या आठवड्यात माझ्या हातून दूध लागलं. गोदामातून नमुन्याचे डबे आणायला गेले तेवढ्यात पातेल्याच्या तळाशी धरलं. परत आले तर खोलीभर करपट वास, आणि आप्पांनी दूध आठही कपांत ओतून टाकलेलं. मी बोलणी खायच्या तयारीने उभी राहिले. त्यांनी पहिला कप ओढला, थुंकले. दुसरा. तिसरा. आठवा झाल्यावर म्हणाले, "लिही. पहिला, ताकद चांगली. तिसरा पातळ. सहाव्याला तुरटपणा जास्त, सोसायटीला चालणार नाही."

मी लिहून घेतलं. मग म्हणाले, "आप्पा, दूध लागलं होतं."

त्यांनी चमचा खाली ठेवला. तो चमचा त्यांचा स्वतःचा होता, काठ झिजलेला. "कप धुऊन टाक," म्हणाले. त्या दिवशी पुन्हा चाखलं नाही. शेठना सांगितलं की पाणी बरोबर नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दार लावून घेऊन ते म्हणाले, "माले वास येत नही, माय."

महासाथीच्या दुसऱ्या लाटेत त्यांना ताप आला होता. ताप गेला, वास परत आला नाही. जिभेला सगळं कळत होतं, कडू, तुरट, ताकद, जड, हलकं. रंग डोळ्याला दिसत होता. फक्त वास नव्हता.

"मग इतके दिवस?" मी विचारलं.

"घरातलं नाक वापरलं."

तापानंतर कामावर आले तेव्हा त्यांनी पेढीत एक नवी पद्धत सुरू केली होती. नमुना रात्रभर मुरू द्यायचा, निर्णय दुसऱ्या दिवशी. शेठनी ती पद्धत बाजारात कौतुकाने सांगितली होती. प्रत्यक्षात आप्पा नमुन्यांच्या पुड्या जेवणाच्या डब्याच्या वरच्या खणात घालून घरी नेत. त्यांची बायको दारात बसून साड्यांचे सुटे धागे कापायचं काम करायची. ती कात्री खाली ठेवायची, मूठ मिटून श्वास सोडायची आणि सांगायची. तिने पेढी आतून कधी पाहिली नव्हती. दोन वर्षं पेढीचा सगळा माल तिच्या नाकाखालून गेला.

मी चव विभागात यायच्या चार महिने आधी ती वारली. झोपेतच. त्यानंतरचे चार महिने आप्पांनी माल अंदाजाने घेतला होता, आणि त्या काळात वाईट माल आला नाही.

"शेठना सांगून टाका," मी म्हणाले. "तुम्हाला काढणार थोडेच आहेत."

"काढणार नाहीत. म्हणतील, आप्पा, खुर्ची तुमचीच, बसा. आणि चाखायला दुसरा माणूस आणतील." ते टेबलावरचे कप सरळ रेषेत लावत होते. "मग मी त्या खुर्चीत बसून करू काय? लोकांना पाणी विचारू?" मग म्हणाले, "कोनले सांगू नको."

मी सांगितलं नाही. आम्ही एक खूण ठरवली. कोरडा चहा आधी मी हातात घ्यायचा, शिकणारी म्हणून. वास ठीक असेल तर डब्याचं झाकण पालथं ठेवायचं, नसेल तर उताणं. मग आप्पा मूठ मिटून दोनदा श्वास सोडत, नाकाशी धरत, डोळे मिटत आणि झाकणाकडे बघून बोलत. शेठ कधी येऊन बसले तरी त्यांना ते कळलं नाही.

नुसतं चांगलं-वाईट सांगून आप्पांचं भागत नसे. शेठ नसले की ते प्रश्न विचारत.

"कसला वास?"

"पोत्याचा."

"कोरड्या का ओल्या?"

"ओल्या."

"सुतळीचं पोतं का प्लास्टिकचं?"

"सुतळीचं."

"मग तो वाटेत भिजलाय, बागेत नाही. आमचा चहा सुतळीच्या पोत्यात येत नाही. शेजारी धान्य होतं."

मी एकदा "घाण वास" म्हणाले. त्यांनी डबा माझ्याकडे परत सरकवला. "घाण हा वास नाही. घाण हे तुझं मत. वास सांग." पुढे वर्तमानपत्रात काम करताना उपसंपादकांनी मला जे शिकवलं, ते बहुतेक मी या खोलीत आधीच ऐकलेलं होतं. तीन महिन्यांत मला धुराचे चार प्रकार वेगळे सांगता येऊ लागले. मी सांगत असताना आप्पा डोळे मिटून ऐकायचे. एकदा पावसाळी मालाला ओल्या मातीचा आणि किंचित कच्च्या भुईमुगाचा वास होता. मी तसं सांगितलं. ते म्हणाले, "पुन्हा सांग." मी पुन्हा सांगितलं. त्या नमुन्याबद्दल त्यांना निर्णयासाठी काही विचारायचं राहिलं नव्हतं. फक्त ऐकायचं होतं.

तीन महिने संपले आणि माझी बीट सुरू झाली. मी मुदत वाढवून मागितली असती तर शेठनी कारण विचारलं असतं. आप्पा म्हणाले, "जा. बाहेरचा चहा कसा पितात ते बघ. संध्याकाळी येत जा घरी."

त्यांचं घर आमच्या घरापासून दोन गल्ल्या पुढे होतं. सहा-साडेसहाला मी पांडेसऱ्याहून रिक्षाने परतायची, वाटेत तिथे थांबायची. एक खोली. शेजारच्या कारखान्यातल्या मागांचा आवाज भिंतीतून यायचा. ओटा, खाट, बायकोचा फोटो, आणि खाटेच्या पायथ्याशी पत्र्याची मोठी पेटी. पेटीत तिच्या साड्या होत्या. दिवसकार्याला आलेली सून जाताना त्या घडी घालून ठेवून गेली होती, आणि सांगून गेली होती की दर महिन्याला डांबराच्या चार गोळ्या टाका, नाहीतर किडे कुरतडतील. मुलगा आणि सून नंदुरबारला असत. आप्पा न चुकता गोळ्या टाकत होते.

पहिल्या संध्याकाळी दारात पाऊल टाकताच मला तो वास आला. ओट्यावर फोडणीचा वास असतो म्हणून बायको पुड्या नेहमी पेटीवर ठेवायची. आप्पांनीही डब्यातून काढून त्या तिथेच ओळीने मांडल्या होत्या. ज्या माणसाने अत्तरासाठी शेठच्या व्याह्यांना परत पाठवलं, तो डांबरगोळ्यांच्या पेटीवर नमुने ठेवत होता. वास त्यांच्या जगातून गेला होता आणि त्यामागे त्याची काळजीही गेली होती.

मी काही बोलले नाही. बोलायचं तर पेटी हलवा, साड्या बाहेर काढा, असं म्हणावं लागलं असतं. त्यांनी माझ्यासाठी स्टूल पुसून ठेवलं होतं. मी पुडी उघडली, श्वास सोडला, आणि डांबराचा वास सोडून जे उरलं ते सांगितलं. तराजूत रिकाम्या डब्याचं वजन आधी वजा करतात, तसं. दुसऱ्या दिवशीही तेच केलं. आठवड्याभरात तो वास मला वेगळा जाणवेनासा झाला.

एका संध्याकाळी पाच पुड्या होत्या. चौथीत वास जरा जास्त होता. ती पेटीच्या मधोमध ठेवलेली होती, म्हणून असेल, असं मला वाटलं. पुडी घेऊन बाहेर गल्लीत जायला चार पावलं लागली असती.

"चौथा?" आप्पांनी विचारलं.

"चांगला आहे. दाण्याला गोडसर वास आहे."

"घ्यायचा?"

"घ्या."

तो माल गोदामात उतरला आणि पांडेसऱ्याच्या मिश्रणात गेला. पोती उतरवणाऱ्यांना वास आला असणार. पण आप्पांनी पास केलेल्या मालावर बोलायची तिथे कुणाला सवय नव्हती.

दहा-बारा दिवसांनी मी पांडेसऱ्यात होते. एका डाइंग मिलच्या फाटकासमोर मराठवाड्यातल्या एका मावशींची टपरी होती. त्या मला लांबूनच येताना बघत होत्या. जवळ गेले तसं म्हणाल्या, "काय गं, चहा पाठवलास का लग्नातला शालू?"

"काय झालं मावशी?"

"पी ना. पिऊन बघ. माझी गिऱ्हाइकं दिवसभर रंगाच्या वाफेत उभी असतात, त्यांना नाकं राहिलीत का? तीसुद्धा म्हणतात, मावशी, आज पेटीतलं काय उकळलंस."

बाकावर बसलेल्या दोघांनी माझ्याकडे बघत कप खाली ठेवले. मावशींनी माझ्यासमोर कप ठेवला. पहिल्या घोटाला काही नव्हतं. गिळल्यावर मागून आला. मी कप थोडा गार होऊ दिला आणि पुन्हा प्यायले. मग ती चौथी पुडी आठवली.

"लोक आता समोरच्या भय्याकडे जातात," मावशी म्हणाल्या. आता त्या चेष्टेत बोलत नव्हत्या. "त्याच्याकडे तुमचा माल नाही."

त्या दिवशी आणखी तीन ठिकाणी तेच ऐकलं. उधन्याच्या हद्दीवरच्या दुकानदाराने पोतं उघडून माझ्यापुढे धरलं. "बेन, आमां तो दवा जेवी वास आवे छे." औषधाचा वास, तो म्हणत होता.

बीटवरच्या तक्रारी रोज फोनवरच्या ॲपमध्ये भरायच्या असत. तक्रारीच्या यादीत चव, रंग, पॅकिंग, वजन आणि इतर एवढंच होतं. वास नव्हता. मी 'चव' निवडलं आणि पुढे लिहिलं, 'तपासावे लागेल.' मग ते पुसलं. मिलच्या भिंतीला टेकून मी आप्पांना फोन लावला. चाखायचं काम आटोपून ते जेवायला बसले असावेत.

"पांडेसऱ्याच्या मिश्रणाला वास आहे," मी म्हणाले.

"कसला?"

"डांबराच्या गोळ्यांचा."

"पहिल्या घोटाला का मागून?"

"मागून. गार झाल्यावर जास्त."

"मग तो मालातच आहे. बरणीचा असता तर आधी आला असता." त्यांनी मला विचारलं नाही की हा माल तू पाहिला होतास ना. त्यांना ते आठवत नव्हतं असं नाही. त्यांना प्रत्येक नमुना आठवायचा.

"आप्पा, काय लिहू?"

"कुठे कुठे गेलाय तो माल?"

"सगळ्या पांडेसऱ्यात."

"उद्याही जाईल. परवाही." पलीकडे ताटलीचा आवाज आला. "जो वास आला तो लिही."

"लिहिलं तर शेठ तुम्हाला विचारतील."

"घाण आहे असं लिहू नको. वास लिही."

मी 'इतर' निवडलं आणि लिहिलं, 'वास: डांबरगोळी. घोटानंतर मागून येतो, चहा गार झाल्यावर वाढतो. चार ठिकाणी. दोष मालात असण्याची शक्यता.' माझ्या नावाने गेलेला तो पहिला अचूक मजकूर.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेठनी आम्हा दोघांना चव विभागात बोलावलं. टेबलावर एकच डबा होता. शेठ उभेच होते. रागावलेले नव्हते, गोंधळलेले होते. म्हणाले, "आप्पा, मला आला वास. माझ्या ड्रायव्हरला आला. तुम्हाला कसा नाही आला?"

आप्पा खुर्चीत बसले. डबा जवळ ओढला. मूठभर दाणे घेतले, मूठ मिटली, दोनदा श्वास सोडला, नाकाशी धरली, डोळे मिटले. त्यांनी झाकणाकडे पाहिलं नाही. मग मूठ उघडून दाणे परत डब्यात सोडले, तळहात झटकला.

"शेठ, मला वास येत नाही."

"आज?"

"तापापासून."

शेठ बसले. बाहेर काउंटरवर फोन वाजत होता, कुणी उचलत नव्हतं. "तापाला किती दिवस झाले, आप्पा. मग माल कोण घेत होतं?"

"घरातून घेत होतो."

शेठना कळायला थोडा वेळ लागला. "भाभी?" त्यांनी विचारलं. आप्पांनी मान हलवली. "आणि त्या गेल्यावर?"

"अंदाजाने."

मी टेबलाच्या दुसऱ्या टोकाला उभी होते. आप्पांनी माझ्याकडे पाहिलं नाही. तीन महिने झाकणं मी ठेवली होती, बीटवर गेल्यावर पुड्या मीच पाहत होते, चौथ्या पुडीला चांगलं मीच म्हटलं होतं. हे सगळं सांगायला पुरेसा वेळ तिथे शांतता होती. मी काही बोलले नाही.

"मला सांगायचं ना," शेठ म्हणाले. नंतर आणखी एकदा, हळू आवाजात, तेच.

मग त्यांनी नेमकं तेच सांगितलं जे आप्पा म्हणाले होते. खुर्ची तुमचीच आहे. रोज या, बसा. टेबलावर सध्या ही मुलगी बसेल, तुम्ही शिकवलेलीच आहे. आप्पा "बघतो" म्हणाले. जाताना त्यांनी चमचा धुतला, पुसला आणि डब्याच्या वरच्या खणात ठेवला. तिथे आधी पुड्या असत. त्यानंतर ते पेढीत आले नाहीत. पांडेसऱ्याचा माल परत मागवला. मावशींची काही गिऱ्हाइकं आली, काही समोरच्या टपरीवरच राहिली. मी स्टीलच्या साध्या चमच्याने चाखायला लागले.

दोन आठवड्यांनी, रविवारी दुपारी, मी त्यांच्याकडे गेले. ते दारात बसले होते. मांडीवर साडी, हातात कात्री. साडीच्या उलट्या बाजूचे धागे कापत होते. बायकोचं काम गल्लीतल्या बाईने परत सुरू करून दिलं होतं. ती समोरच्या दारातून म्हणाली, "बघ तुझे आप्पा. दोन साड्या होतात दिवसाला. माझी पोर आठ करते." आप्पा म्हणाले, "तुझी पोर जरीसुद्धा कापते, मी नाही कापत." ती हसत आत गेली.

आम्ही खोलीत आलो. मी बसले नाही.

"आप्पा, तो माल मी पास केला होता."

"माहीत आहे."

"कसा केला ते नाही माहीत तुम्हाला. खोलीत गोळ्यांचा वास असतो. मी तो रोज वजा करायची. त्या दिवशीही केला."

कात्री अजून त्यांच्या बोटांत होती. "कुठल्या गोळ्यांचा?"

"पेटीतल्या."

त्यांनी पेटीकडे पाहिलं, मग खोलीकडे, जणू तो कुठे दिसेल. "आत्ता आहे?"

"आहे."

"केव्हापासून?"

"मी पहिल्यांदा आले तेव्हापासून."

"सांगायचं ना," आप्पा म्हणाले.

त्यांनी पेटी ओढून उजेडात आणली. झाकण उघडलं. घड्यांमधून चाचपत एकेक गोळी काढली आणि वर्तमानपत्राच्या तुकड्यावर ठेवली. काही विरघळून वाटाण्याएवढ्या झाल्या होत्या, काही नवीन होत्या. मग अगदी तळाशी हात घालून त्यांनी एक जुनी सुती साडी बाहेर काढली, विटकरी रंगाची, आणि माझ्यापुढे धरली.

"बघ," म्हणाले. "खाली तिचा काही राहिलाय का."

मी पदराचा कोपरा हातात घेतला, मूठ मिटली, दोनदा श्वास सोडला, नाकाशी धरली. डांबराच्या गोळ्या. मी पुन्हा घेतला, घडीच्या आतला भाग घेतला. त्या वासाखाली काहीही नव्हतं.

"राहिलाय," मी म्हणाले.

"कसला?"

हा प्रश्न ते विचारणार हे मला माहीत असायला हवं होतं. "तेलाचा," मी म्हणाले. "केसांच्या. खोबरेल."

त्यांनी साडी माझ्या हातातून घेतली. तिची घडी आधी होती तशीच घातली, काठावर काठ आणून. त्याला बराच वेळ लागला.

"ती तेल लावत नव्हती," ते म्हणाले. "लग्न झाल्यापासून नाही. मी सकाळी टेबलावर बसायचो म्हणून. गल्लीतल्या बायका हसायच्या तिच्या केसांना."

मी म्हणाले, "आप्पा."

"असू दे."

त्यांनी साडी तळाशी ठेवली, वर बाकीच्या ठेवल्या. मग कागदावरच्या गोळ्या एकेक करून परत पेटीत टाकल्या आणि झाकण लावलं.